संशोधन अधिछात्रवृत्ती आणि झाडीपट्टीचा अभ्यासक

भंडारा जिल्ह्यात मराठीचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन पीएच.डी.कडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला दंडार, खडी गंमत, मंडईतील नाटके आणि झाडीबोली हे विषय जवळचे वाटतात. ही जवळीक हे त्याचे बळ होय. परंतु विषयाविषयीचा जिव्हाळा आणि अधिछात्रवृत्तीच्या कसोटीस उतरणारा संशोधन आराखडा या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीतून दुसरी कशी सिद्ध करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम उपलब्ध मार्ग पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती 'नेट' परीक्षेतील गुणांवर मिळते. १ जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे, कामाचे मूल्यमापन झाल्यावर, ४२,००० रुपये अशी निश्चित झाली. राज्य शासनाच्या संस्थांपैकी 'बार्टी' अनुसूचित जातींसाठी, 'सारथी' मराठा व कुणबी समाजांसाठी आणि नागपूर येथे मुख्यालय असलेली 'महाज्योती' इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी अधिछात्रवृत्ती देते. या दोन मार्गांतील क्रम परस्परांहून वेगळा आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आयोगाच्या योजनेत परीक्षा आधी व पीएच.डी.ची नोंदणी नंतरही चालते. राज्याच्या योजनांत मात्र नोंदणी झालेली असावी लागते. म्हणून जाहिरातीची वाट पाहत न बसता मार्गदर्शकाची संमती, विषयाची मान्यता आणि जातविषयक प्रमाणपत्रे यांची सिद्धता आधीच करून ठेवणे हिताचे ठरते.

यानंतरचा प्रश्न आराखड्याचा. 'झाडीबोलीचा भाषावैज्ञानिक अभ्यास' असा विषय पुष्कळदा सुचवला जातो. तथापि ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्येच प्रसिद्ध झाला, आणि साकोली परिसरातून डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या अभ्यासाची पायाभरणी केली. या पूर्वसंशोधनाचा आढावा घेऊन आपण कोणती भर घालणार, हे पहिल्या पृष्ठावरच स्पष्ट व्हावयास हवे. 'ण'च्या जागी 'न' उच्चारला जातो, एवढी नोंद पुरेशी नाही. तो विशेष वऱ्हाडीतही आढळतो. त्यावरून झाडीबोलीचे वेगळेपण सिद्ध होत नाही.

याउलट असा प्रश्न घ्यावा: लाखांदूर तालुक्यातील दंडारीच्या हस्तलिखित वह्यांमध्ये कोणती पात्रे बोलीत बोलतात, कोणती प्रमाण मराठीत, आणि प्रत्यक्ष प्रयोगात ही वाटणी बदलते काय? या प्रश्नाला क्षेत्राची मर्यादा आहे. साधने कोणती, हे त्यातून कळते. लिखित संहिता आणि प्रयोग यांची तुलना ही पद्धतीही त्यातच सूचित होते. शिवाय दंडार कधीही न पाहिलेल्या परीक्षकालाही तो प्रश्न का महत्त्वाचा आहे, हे समजू शकते. आपल्या भागाबाहेरील वाचकाला पटणे, ही आराखड्याची खरी परीक्षा होय.

वेळापत्रकाच्या बाबतीत झाडीपट्टीच्या अभ्यासकाने विशेष दक्ष असावे. येथील लोकरंगभूमीचा हंगाम भातशेतीशी बांधलेला आहे. धानाची कापणी होऊ लागते, दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, आणि होळीच्या सुमारास प्रयोग विरळ होतात. पीएच.डी.ची किमान मुदत २०२२ च्या विनियमांनुसार तीन वर्षे आहे. त्यातच १२ ते १६ श्रेयांकांचा पूर्वपाठ्यक्रम पूर्ण करावा लागतो. म्हणजे किमान मुदतीत प्रबंध पुरा करू इच्छिणाऱ्याच्या वाट्याला क्षेत्रकार्याचे फार तर दोनच पूर्ण हंगाम येतात. जून ते सप्टेंबर या काळात 'प्रयोगांचे ध्वनिमुद्रण' असे लिहिलेला तक्ता परीक्षकाच्या मनात शंका निर्माण करील. त्या महिन्यांत, रोवणीची घाई ओसरल्यावर, वह्यांच्या प्रती करणे, पाठभेद नोंदवणे आणि कलावंतांच्या मुलाखती घेणे हेच योग्य. आयोगाच्या योजनेत मानव्यविद्यांसाठी आकस्मिक खर्चाची तरतूद पहिली दोन वर्षे वार्षिक १०,००० रुपये आहे. प्रवास व ध्वनिमुद्रण यांचा आवाका तिच्याशी जुळता असावा.

शेवटचा मुद्दा साधनांच्या नैतिकतेचा आहे. दंडारीची वही ही बहुधा एखाद्या घराची किंवा मंडळाची ठेव असते. ती पाहण्याची व उद्धृत करण्याची परवानगी कशी घेणार, तिची एक प्रत मूळ धन्याकडे व दुसरी विद्यापीठाच्या ग्रंथालयात कशी ठेवणार, हे आराखड्यात नमूद करावे. पुष्कळ संहिता जुन्या शाहिरांच्या केवळ स्मरणात आहेत. त्यांच्यामागे त्या उरणार नाहीत. अर्जातील प्रश्न मोघम राहिला, म्हणून अधिछात्रवृत्ती हुकली आणि एक हंगाम वाया गेला, तर हानी केवळ अभ्यासकाची होत नाही. तो प्रश्न नेमका करण्यासाठी घालवलेले दोन महिने हा म्हणूनच संशोधनाचा पहिला टप्पा समजावा.