कोंबडीच्या तळव्यातला घट्ट पू

कोंबडी लंगडायला लागली की परसात पहिला अंदाज ठरलेला असतो : काटा रुतला असेल, दगड लागला असेल, दोन दिवसांत चालायला लागेल. पुष्कळदा तसं होतंही. पण दोन दिवसांचे आठ दिवस झाले, कोंबडी एक पाय पोटाशी घेऊन उभी राहू लागली, सकाळी खुराड्याचं दार उघडल्यावर सगळ्यांत शेवटी बाहेर पडू लागली, तर तिला उचलून तळवा पाहायलाच हवा. बोटं जिथे एकत्र येतात, तिथल्या मांसल गादीवर काळी, कठीण, गोल खपली दिसली आणि भोवतालचा भाग सुजलेला, गरम लागला, तर तो बहुधा 'बंबलफूट' असतो. माणसाच्या पायाला होतं तसं कुरूप समजून अनेक जण ते सोडून देतात आणि तिथेच घात होतो. कुरूप म्हणजे जाड झालेली कातडी. बंबलफूट म्हणजे कातडीखाली मुरलेला जंतुसंसर्ग. तो पुढे कंडरेत, सांध्यात, हाडात उतरतो आणि रक्तात पसरला तर कोंबडी दगावते.

परसातल्या कोंबड्यांची संख्या आपल्याकडे झपाट्याने वाढते आहे. २०१९च्या पशुगणनेत देशात परसातले पक्षी सुमारे ३१.७ कोटी भरले. २०१२च्या गणनेपेक्षा हा आकडा जवळपास ४६ टक्क्यांनी मोठा आहे. मानमोडी, देवी या रोगांच्या लसींबद्दल आता खेड्यापाड्यांत बोललं जातं. पायाबद्दल मात्र क्वचितच कोणी बोलतं. पायाचा हा आजार साथीने येत नाही, एकेका कोंबडीला गाठतो, आणि म्हणूनच तो नजरेतून निसटतो.

पू वाहतच नाही

हा आजार समजून घ्यायचा तर पक्ष्याच्या शरीरातली एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. आपल्या पायात काटा मोडला आणि जंतू शिरले, की रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे धावून जातात. त्यांच्याजवळ मायलोपेरॉक्सिडेज हे हिरवट रंगाचं विकर असतं. पुवाला येणारी हिरवट झाक त्याचीच. या आणि इतर विकरांमुळे जंतू मरतात, मेलेल्या पेशी विरघळतात आणि पू पातळ होतो. गळू पिकतं, फुटतं, निचरा होतो आणि जखम भरू लागते.

कोंबडीकडे हे काम हेटेरोफिल या पेशी करतात. त्या जंतू गिळतात, मारतात. पण त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेज नसतं आणि मेलेल्या पेशी विरघळवणारी विकरंही पुरेशी नसतात. त्यामुळे पक्ष्याचा पू पातळ होत नाही. तो थरावर थर साचत जातो आणि पनीरच्या वाळक्या तुकड्यासारखा घट्ट, पिवळसर गोळा बनतो. सरपटणाऱ्या प्राण्यांतही असंच घडतं.

या आजाराचा सगळा हट्टीपणा या घट्ट गोळ्यात आहे. तो आपोआप वाहून जात नाही. त्याच्या आत रक्तवाहिन्या नसल्याने तोंडावाटे किंवा सुईने दिलेलं औषध आतपर्यंत पोहोचत नाही. बाहेरून लावलेली हळद किंवा मलम खपलीवरच राहतं. आणि गळू पिळावं तसा तळवा पिळला, तर आतला गोळा बाहेर येण्याऐवजी जंतू शेजारच्या निरोगी भागात ढकलले जातात. कोंबडीचा तळवा पिळू नये, हे कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाने पक्कं लक्षात ठेवावं.

जंतू आपल्याच घरचा

बंबलफूटच्या जखमेत सर्वांत जास्त वेळा सापडणारा जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. माणसाच्या शरीरावरही तो राहतो. साधारण दहापैकी तीन माणसांच्या नाकात त्याचा मुक्काम असतो. कोंबडीच्या त्वचेवरही तो असतो. कातडी शाबूत आहे तोवर तो निरुपद्रवी. कातडीला भेग पडली की आत शिरतो.

या जंतूचा आणि आपला संबंध याहून जवळचा आहे. एडिनबरो विद्यापीठातल्या रॉस फिट्झजेराल्ड यांच्या गटाने २००९ साली कोंबड्यांमधल्या या जंतूच्या वाणांची जनुकं तपासली. अनेक देशांतल्या ब्रॉयलर कोंबड्यांमध्ये पसरलेला एक मोठा वाण मुळात माणसाकडून आलेला निघाला. पोलंडच्या आसपास माणसांत आढळणाऱ्या प्रकाराने त्या अभ्यासाच्या सुमारे ३८ वर्षं आधी, म्हणजे १९७०च्या सुमारास, कोंबडीच्या शरीरात उडी मारली होती. तिथे त्याने पक्ष्यांमधल्या जंतूंकडून नवी जनुकं मिळवली, माणसात रोग घडवायला लागणारी काही गमावली, आणि कोंबडीच्या हेटेरोफिल पेशींना दाद न देण्याची ताकद कमावली. कुक्कुटपालनाचा धंदा जगभर पसरला, तसा हा वाणही पसरला.

यातून घ्यायचा धडा दुहेरी आहे. कोंबडीच्या जखमेला हात लावताना हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत, ते आपल्यासाठी तितकंच तिच्यासाठीही.

पाय टेकतो ती जागा

जंतू सगळीकडेच असेल, तर काही कोंबड्यांनाच बंबलफूट का होतं? उत्तर त्यांच्या पायाखाली आहे. कोंबडीचं सगळं वजन दिवसभर दोन लहान तळव्यांवर असतं आणि रात्री दांडीवर बसल्यावरही तळव्यांची सुटका होत नाही. २०११ साली जर्मनीतल्या संशोधकांनी दांड्यांवर दाब मोजणारे संवेदक बसवून कोंबड्यांच्या तळव्यांवर पडणारा भार मोजला. दांडीचा आकार आणि रुंदी बदलली की दाबही बदलतो, हे त्यातून दिसलं. बारीक किंवा धारदार कडेच्या दांडीवर तेच वजन कमी जागेत एकवटतं. सतत दाबल्या गेलेल्या जागी रक्तपुरवठा घटतो, कातडी दुबळी होते आणि बारीकशी चीरही जंतूला पुरते.

कोकणात जून ते सप्टेंबर हे पायाचे वाईट दिवस. परस चिखलाचं असतं, खुराड्यातला भुसा ओला राहतो, विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि भिजून मऊ पडलेली कातडी लवकर सोलवटते. देशावर बाभळीचे काटे, खडी आणि मुरुमाची टोकं असतात. शहरात गच्चीवर किंवा बाल्कनीत हौसेने कोंबड्या पाळणाऱ्यांच्या घरी सिमेंटची कोबा केलेली जमीन आणि जाळीचा तळ असतो. उंच दांडीवरून सिमेंटवर रोज उडी मारणाऱ्या जड कोंबडीच्या तळव्याला रोज मार बसतो.

वजनाचाही वाटा मोठा आहे. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जाती गावठी कोंबडीपेक्षा बऱ्याच जड असतात, म्हणून त्यांच्यासाठी दांडी खाली हवी. आहाराकडेही पाहायला हवं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की कातडीचा बाहेरचा थर खडबडीत होऊन तडकतो. बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाची कमतरता झाली तरी तळव्याला भेगा पडतात. गव्हातलं बायोटिन कोंबडीच्या अंगी जवळजवळ लागत नाही, मक्यातलं लागतं. त्यामुळे फक्त गहू टाकण्यापेक्षा पिवळा मका, शेवग्याचा किंवा लसूणघासाचा हिरवा पाला आणि परसातले किडेमुंग्या यांची जोड असलेली बरी.

उपचार : काय करावं, कुठे थांबावं

तळवा नुसता लाल, किंचित सुजलेला असेल आणि खपली धरली नसेल, तर घरी बरंच काही करता येतं. कोंबडीला इतरांपासून वेगळी, कोरड्या मऊ भुशावर ठेवावी. कोमट पाण्यात थोडं मीठ किंवा मॅग्नेशियम सल्फेट घालून पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवावा, नीट कोरडा करावा आणि पाणी घालून फिकट केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावावं. मग कापूस गुंडाळून छोटी चुंबळ करावी आणि दुखरी जागा तिच्या पोकळीत येईल अशी तळव्याखाली बसवून वर गॉज आणि चिकटपट्टी बांधावी. भार कडेवर जातो, जखमेला आराम मिळतो. पट्टी ओली झाली की लगेच, नाहीतर एका दिवसाआड बदलावी. बोटं थंड पडली किंवा फुगली, तर पट्टी फार आवळली आहे.

काळी खपली धरली असेल, तळवा टणक लागत असेल किंवा सूज बोटांत अथवा वर पायात चढली असेल, तर पुढचं काम पशुवैद्यकाचं. आतला घट्ट गोळा काढल्याशिवाय जखम भरत नाही, आणि तो काढायला कापावं लागतं. तळव्यातून कंडरा आणि रक्तवाहिन्या जातात. ब्लेड घेऊन घरी शस्त्रक्रिया करण्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरतात. ते पाहून कोणी तसं करू नये. डॉक्टर भूल देऊन गोळा काढतात, जखम धुतात, वेदनाशामक देतात. त्यानंतर जखम तळापासून भरून यायला काही आठवडे लागतात आणि तोवर पट्टी आणि कोरडी जागा यांत खंड पडून चालत नाही. घरातली भूल आणणारी मलमं मात्र लावू नयेत. पक्ष्यांना त्यांतली काही द्रव्यं फार लवकर बाधतात. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतल्याने नव्याने येणारी कातडीच जळते. जळकं ऑइल आणि रॉकेल तर जखमेच्या जवळही आणू नये.

एक पाय दुखू लागला की कोंबडी सगळा भार दुसऱ्यावर टाकते आणि काही दिवसांत तोही सुजतो. म्हणून तपासताना दोन्ही तळवे पाहावेत.

प्रत्येक लंगडणं बंबलफूट नसतं

पायावरची खवली उचलली जाऊन खाली पांढरी भुकटी दिसत असेल, तर ते कातडीत घर करणाऱ्या अतिसूक्ष्म गोचिडीसारख्या परजीवीचं काम आहे. तिथे व्हॅसलिन किंवा खाद्यतेल लावून त्या परजीवींचा श्वास कोंडतात आणि गरज पडली तर डॉक्टर औषध देतात. एकाच वेळी अनेक कोंबड्यांचे घोटे आणि तळवे सुजले, तर मायकोप्लाझ्मासारख्या संसर्गाचा संशय घ्यावा. एक पाय पुढे आणि एक मागे पसरून तलंग खाली बसली, तर तो मारेक्स हा रोग असू शकतो. तुऱ्यावर आणि पायांवरही फोड असतील, तर देवी. या प्रत्येकाचा इलाज वेगळा, म्हणून नुसतं लंगडणं पाहून प्रतिजैविकाची गोळी पाण्यात टाकणं धोक्याचं आहे.

त्या गोळीचा परिणाम कोंबडीपुरता राहत नाही. औषधाचा अंश अंड्यात आणि मांसात उतरतो. किती दिवस अंडी खायची किंवा विकायची नाहीत, हे प्रत्येक औषधागणिक बदलतं. डॉक्टरांना हे विचारलंच पाहिजे. अर्धवट दिलेल्या मात्रेतून जंतू चिवट होतात, आणि हा जंतू आपल्याच नाकात राहणारा आहे. माणसाच्या गंभीर आजारांत शेवटचा आधार असलेलं कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत आणि कोंबड्यांत वापरायला भारत सरकारने २०१९ साली बंदी घातली, ती याच काळजीपोटी. जवळ पशुवैद्यकीय दवाखाना नसेल, तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर मदत मागता येते.

दुखणं खरं आहे

कोंबडी ओरडत नाही, म्हणून तिला दुखत नाही असं मानण्याची आपल्याला सवय आहे. शिकार होणारा प्राणी दुखणं लपवतो. कळपात दुबळा दिसला तो आधी मारला जातो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली लंगड्या आणि धडधाकट ब्रॉयलर कोंबड्यांपुढे दोन रंगांचं खाद्य ठेवलं. एकात कारप्रोफेन हे वेदनाशामक मिसळलं होतं. लंगड्या कोंबड्यांनी धडधाकट कोंबड्यांपेक्षा औषधाचं खाद्य जास्त खाल्लं, आणि लंगडणं जितकं तीव्र तितकं ते अधिक खाल्लं. आपल्या दुखण्यावर कशाने आराम पडतो, हे त्यांना कळत होतं.

परसातली कोंबडी अंडी देते, किडे टिपते, पिल्लं वाढवते, अडीअडचणीला विकली जाते. तिच्या पायाची काळजी घ्यायला पैसा फार लागत नाही. दांडी जमिनीपासून दीड-दोन फुटांपेक्षा उंच नको, सुमारे दोन इंच रुंद आणि कडा घासून गोल केलेली हवी. बांबू वापरला तर त्याच्या गाठी तासून घ्याव्यात. खुराड्यातला भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा ओला होताच बदलावा, पावसाळ्यात पाण्याचं भांडं भुशापासून दूर, विटांवर ठेवावं. वाढलेल्या नख्या कापाव्यात. आणि आठवड्यातून एकदा, संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरताना, एकेकीला उचलून दोन्ही तळवे पाहावेत. सुजेच्या पहिल्या टप्प्यात हा आजार घरच्या देखभालीने आवरतो. घट्ट गोळा बनल्यानंतर तोच महिनाभराचं काम आणि शस्त्रक्रिया मागतो.

सरकारी योजनांतून बचत गटांना आणि शेतकऱ्यांना पिल्लं वाटली जातात, सोबत लसीकरणाचं वेळापत्रक दिलं जातं. त्याच कागदावर दांडीची उंची, भुशाची जाडी आणि तळवा कसा तपासायचा, एवढ्या तीन ओळी वाढवाव्यात. त्यांचा छपाईखर्च नगण्य आहे. त्यातून वाचणारी अंडी आणि वाचणारी वेदना नगण्य नाही.