३.४ इंग्रजी क्रियापदाचे वचन : मराठी भाषकाची अडचण

कर्ता एकवचनी असेल तर क्रियापद एकवचनी आणि कर्ता अनेकवचनी असेल तर क्रियापद अनेकवचनी, हा इंग्रजीचा नियम आपण शाळेतच पाठ केलेला असतो. तरीही पदवीच्या उत्तरपत्रिकांत आणि नोकरीच्या अर्जांत याच नियमाच्या चुका वारंवार आढळतात. त्यांना केवळ निष्काळजीपणा म्हणणे योग्य नाही. मराठीची व्याकरणिक शिस्त नकळत इंग्रजीत नेल्यामुळेही अशा चुका होतात. तीन उदाहरणे पाहू.

(अ) प्रयोग : ‘मुलीने आंबे खाल्ले आहेत’ हा कर्मणी प्रयोग आहे. कर्त्याला ‘ने’ प्रत्यय लागल्यामुळे येथे क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. इंग्रजी क्रियापद मात्र कर्माचे वचन कधीच घेत नाही. म्हणून ‘द गर्ल हॅज ईटन द मँगोज’ असेच लिहावे लागते. ‘मँगोज’ अनेकवचनी आहे म्हणून ‘हॅव’ येत नाही.

(आ) शब्दक्रम : ‘पुस्तकांची यादी हरवली आहे’ या वाक्यात ‘पुस्तकांची’ हे षष्ठ्यन्त पद आधी येते आणि ‘यादी’ हे मुख्य नाम क्रियापदाजवळ राहते. इंग्रजीत हा क्रम उलटतो : ‘द लिस्ट ऑफ बुक्स हॅज बीन लॉस्ट’. येथे क्रियापदाजवळ ‘बुक्स’ आहे. कर्ता मात्र ‘लिस्ट’ आहे. जवळच्या नामाची ही ओढ इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही चुकवते, हे कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले आहे.

(इ) आदरार्थी अनेकवचन : ‘माझे वडील शिक्षक आहेत’ या वाक्यातील अनेकवचन आदर दाखवते, संख्या नव्हे. इंग्रजीत नामाच्या बाबतीत अशी सोय नाही. तेथे ‘माय फादर इज अ टीचर’ असेच म्हणतात. ‘आर’ लिहिल्याने आदर वाढत नाही, वडिलांची संख्या वाढते.

तेव्हा इंग्रजी वाक्य लिहिताना प्रथम कर्तृपदातील मुख्य नाम शोधावे, ‘ऑफ’पासून सुरू होणारा भाग मनातल्या मनात झाकावा आणि मग क्रियापद ठरवावे. ही रीत बहुतेक ठिकाणी उपयोगी पडते. मात्र काही ठिकाणी अर्थ पाहावा लागतो. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज स्मॉल’ येथे ‘संख्या’ हा कर्ता आहे. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर अ‍ॅबसेंट’ येथे ‘अ नंबर ऑफ’ म्हणजे ‘अनेक’; म्हणून क्रियापद अनेकवचनी येते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

योग्य क्रियापद निवडा आणि वरीलपैकी कोणते कारण लागू पडते ते सांगा.

१. द कलर ऑफ दीज वॉल्स ..... व्हाइट. (इज / आर)
२. द बॉइज ..... रिटन अ लेटर. (हॅज / हॅव)
३. माय ग्रँडमदर ..... इन सातारा. (लिव्ह्ज / लिव्ह)