मिठाखेरीज ज्यांना करमत नाही

कैरीच्या दिवसांत रायपूरच्या गोल बाजारातून लोणच्याचा मसाला आणि खडेमीठ घेऊन निघालेल्या गृहिणीला एका गोष्टीची पक्की खात्री असते. मीठ नीट पडले, की बरणी वर्षभर बिघडत नाही. छत्तीसगडला समुद्र नाही, त्यामुळे मिठाचे मोल इथे जुन्या लोकांना विशेष ठाऊक. बस्तरच्या आदिवासींकडून व्यापारी मिठाच्या बदल्यात चारोळी नेत, तीही वजनास वजन!

गृहिणीची खात्री चुकीची नाही. मीठ जंतूंच्या पेशीतले पाणी ओढून घेते आणि ते मरतात. पण काही सूक्ष्मजीव मिठातच संसार थाटतात. खारवलेल्या कॉड माशांवर पडणाऱ्या लाल डागांमागे असाच एक जीव आहे, हे कॅनडातल्या संशोधकांनी १९२२ मध्ये दाखवले. मिठागरातले पाणी आटत आले, की त्यावर चढणारी गुलाबी छटाही बहुधा यांचीच.

हे जीव मिठाशी भांडत नाहीत. बाहेर जितका क्षार, तितकाच पोटॅशियमचा क्षार ते पेशीत भरून ठेवतात. एवढ्या क्षारात साध्या प्रथिनांचा गोळा होईल. यांची का टिकतात? त्याचे उत्तर जनुकांच्या नकाशात सापडले.

शिलादित्य दाससर्मा या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने अमेरिकेत ‘हॅलोबॅक्टेरियम एनआरसी-१’ची संपूर्ण जनुकलिपी वाचली गेली आणि २००० साली प्रसिद्ध झाली. अक्षरे सुमारे २५ लाख ७१ हजार. माणसाच्या ३०० कोटींपुढे ही चोपडी म्हणजे चिठोरेच, पण वाचायला भलती किचकट. डीएनएचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वाचायचा आणि टोके जुळवत मूळ पोथी उभी करायची, ही रीत. इथे तर तेच ते तुकडे जागोजागी पुन्हा येत होते. आरतीची फाटकी पाने जुळवताना प्रत्येक पानावर ध्रुपद निघावे, तसे! एका मोठ्या गुणसूत्राखेरीज दोन छोटी वर्तुळे निघाली, आणि त्यांतही जगण्याला आवश्यक जनुके होती.

नकाशावरून कळले, की या जीवाची बहुतेक प्रथिने आम्लधर्मी आहेत. त्यांच्या पृष्ठभागावरचा ऋण विद्युतभार पाणी धरून ठेवतो. हेच जीव गोड्या पाण्यात टाकले, तर मात्र फुटून जातात.

याच जीवाच्या पेशीत तरंगण्यासाठी हवेच्या इवल्या पिशव्या असतात. त्यांवर रोगजंतूंची प्रथिने बसवून लस करता येईल का, याचे प्रयोग दाससर्मांच्या गटाने प्राण्यांवर केले आहेत. मिठातल्या या भाडेकरूंकडून असे काही मिळेल, हे १९२२ मध्ये कोणाच्या ध्यानीमनीही नसेल.

आपल्याकडे त्यांची ओळख झाली ती बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला. जून २०२० मध्ये उल्कापाताने घडलेले हे सरोवर एकाएकी गुलाबी झाले. तर्ककुतर्कांना ऊत आला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तेव्हा त्यात हेच क्षारप्रेमी हॅलोआर्किया निघाले. पाणी घटून क्षार वाढले, तसे त्यांचे फावले होते. पुढे ते तळाशी बसले आणि वरचे पाणी पुन्हा नितळ झाले.