गुप्तांगावरची जखम आपोआप भरली? आजार मात्र शरीरात असू शकतो

गुप्तांगावर एक जखम होते. ती दुखत नाही, त्यामुळे लाजेपोटी कोणाला सांगितलीही जात नाही. मेडिकलमधून मलम आणले जाते. तीन ते सहा आठवड्यांत जखम भरते आणि मलमाचा गुण आला, असे वाटते. फसगत होते ती इथेच. सिफिलिसची (उपदंश) जखम उपचाराशिवायही भरते. जंतू मात्र शरीरात राहतात. पुढे वर्षानुवर्षांनी हृदय, मेंदूवर परिणाम होऊ शकतो.

लॅब नसेल तर उपचार कसे?

अशा जखमांमागे प्रामुख्याने सिफिलिस, शँक्रॉइड किंवा हर्पिस असतो. छोट्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या होत नाहीत आणि रिपोर्टसाठी रुग्ण परत येईलच, याचीही खात्री नसते. म्हणून लक्षणे पाहून त्याच दिवशी औषध दिले जाते. याला 'सिंड्रोमिक' पद्धत म्हणतात.

किटचे रंग काय सांगतात?

'नॅको'ने त्यासाठी रंगांनुसार किट ठरवले आहेत.

• पांढरे : हर्पिस वाटत नसल्यास. यात बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन (२४ लाख युनिट) आणि अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम असते. सिफिलिस व शँक्रॉइड दोन्हींवर एकदम उपचार होतो.
• निळे : पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास. इंजेक्शनऐवजी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या.
• लाल : पाणी भरलेले, दुखरे बारीक फोड असल्यास. हर्पिससाठी ॲसायक्लोव्हिर. हर्पिस पुन्हा उद्भवू शकतो.

मग रक्ततपासणी कशासाठी?

सिफिलिसच्या सुरुवातीला रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून उपचार थांबवत नाहीत. तरीही सिफिलिस आणि एचआयव्हीची तपासणी गरजेचीच. उघड्या जखमेतून एचआयव्हीचा संसर्ग सहज होतो.

जोडीदाराचे काय?

एकट्यानेच औषध घेतले तर संसर्ग जोडीदाराकडून पुन्हा होतो. त्यामुळे गेल्या तीन महिन्यांतील जोडीदारांवरही उपचार हवेत. गर्भवतीला सिफिलिस असेल तर बाळ पोटातच दगावू शकते. पेनिसिलिनमुळे हे टाळता येते. डॉक्सिसायक्लिन मात्र गर्भवतींना देत नाहीत.

हे लक्षात ठेवा

• स्वतःच्या मनाने मलम, गोळ्या घेऊ नका.
• जखम पूर्ण बरी होईपर्यंत संबंध टाळा. नंतरही कंडोम वापरा.
• सात दिवसांनी पुन्हा दाखवा.
• सरकारी रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये उपचार मोफत मिळतात आणि माहिती गुप्त ठेवली जाते. हेल्पलाइन : १०९७.