सभागृहातील गौरव आणि सीमाभागाची नोंद



स्मृतिव्याख्यान हा एका परीने गौरवाचाच विधी आहे. आपल्या माणसाचे कार्य विसरले जाऊ नये म्हणून समाज वर्षातून एक दिवस राखून ठेवतो. शाळेने मला येथे बोलावले, याबद्दल मी ऋणी आहे. आजच्या विषयासाठी मी गौरवाचाच एक दुसरा प्रकार निवडला आहे. विधिमंडळात लोकप्रतिनिधी एखाद्या दिवंगत कार्यकर्त्याला आदरांजली वाहतात, एखाद्या संस्थेचे अभिनंदन करतात, एखाद्या लोकसेवकाचा नामोल्लेख करतात. हे कसे घडते, त्याचे मोल किती, आणि बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात ते मोल कसे वेगळे ठरते, एवढेच मला मांडावयाचे आहे.

१. शोकप्रस्ताव

या उल्लेखांपैकी सर्वांत रूढ प्रकार शोकप्रस्तावाचा. अधिवेशनाच्या आरंभी, मागील काळात दिवंगत झालेल्या आजी-माजी सदस्यांविषयी तो मांडला जातो. महाराष्ट्रात सामान्यतः मुख्यमंत्री प्रस्ताव मांडतात, विरोधी पक्षनेते आणि इतर पक्षांचे नेते त्याला दुजोरा देतात व अध्यक्ष समारोप करतात. कर्नाटकात अध्यक्ष स्वतःच तो मांडतात. त्याला कन्नडमध्ये ‘संताप सूचने’ म्हणतात. आपल्या मराठी कानाला ‘संताप’ म्हणजे राग. कन्नडने मात्र त्या संस्कृत शब्दाचा दुःख हा अर्थ जपला आहे. या प्रस्तावावर मतदान होत नाही, त्याला विरोधही होत नाही. सारे सदस्य उभे राहून स्तब्धता पाळतात आणि सभागृहाच्या भावना दिवंगताच्या कुटुंबीयांना कळविल्या जातात. ज्याच्याशी हयातभर भांडले त्याच्याविषयी विरोधकालाही त्या दिवशी आदराने बोलावे लागते. लोकशाहीने घालून घेतलेल्या बंधनांपैकी हे एक सुंदर बंधन आहे.

मात्र या प्रथेची एक मर्यादा आहे. शोकप्रस्तावाचा अधिकार प्रथेने सदस्य आणि माजी सदस्य यांना मिळतो. त्यांच्याखेरीज राष्ट्रीय कीर्तीच्या मोजक्या व्यक्तींचा त्यात समावेश होतो. चाळीस वर्षे खेड्यात शिकविणारा शिक्षक, ग्रंथपाल, परिचारिका, विडी वळणारी कामगार स्त्री यांना तेथे आपोआप प्रवेश नाही. त्यांचे नाव सभागृहात यायचे तर कोणीतरी सदस्याने उठून ते घ्यावे लागते. राज्यपालांच्या अभिभाषणावरील चर्चा, अर्थसंकल्पावरील भाषणे, महाराष्ट्रात ज्याला औचित्याचा मुद्दा म्हणतात ते आयुध, किंवा संसदेतील शून्य प्रहर अशा वाटांनीच ते नाव आत शिरते.

अमेरिकेच्या संसदेने यासाठी एक वेगळी सोय केली आहे. तेथील कामकाजाच्या अधिकृत इतिवृत्तात एक विभाग असा असतो की, त्यात सदस्य प्रत्यक्ष भाषण न करता लेखी मजकूर छापावयास देऊ शकतो. आपल्या मतदारसंघातील शाळेचा शतकमहोत्सव, निवृत्त होणारा अग्निशामक अधिकारी, स्पर्धा जिंकून आलेले विद्यार्थी यांच्या गौरवाची पाने त्यात भरलेली असतात. ही पाने वाचतो कोण, असा प्रश्न तेथेही विचारला जातो. परंतु त्या शाळेची तारीख आणि त्या शिक्षकाचे नाव राष्ट्राच्या कागदपत्रांत कायमचे राहते. आपल्याकडे अशी मुक्त सोय नाही. म्हणून आपल्याकडे होणारा प्रत्येक नामोल्लेख दुर्मिळ आहे, आणि तो अचूक असणे अधिक अगत्याचे आहे.

२. ठरावाची ताकद आणि मर्यादा

अभिनंदनाच्या ठरावाची कथा थोडी निराळी आहे. सभागृहाचे लक्ष ज्या यशाकडे सहज वेधले जाते ते यश बहुधा आधीच प्रसिद्ध असते. ५ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या विधान भवनात विश्वविजेत्या संघातील रोहित शर्मा, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे आणि यशस्वी जयस्वाल यांचा सत्कार झाला. तो योग्यच होता. पण त्या चौघांची नोंद सभागृहाने घेतली नसती तरी ती पुसली जाणार नव्हती. ज्यांची नोंद दुसरे कोणीच ठेवणार नाही, त्यांच्या बाबतीत सभागृहाचा शब्द खरा मोलाचा ठरतो.

ठराव झाला म्हणजे गोष्ट झाली, असेही नाही. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दंगली उसळल्या, दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि नामविस्तार प्रत्यक्षात आला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. गौरवाचा एक ठराव अमलात यावयास साडेपंधरा वर्षे लागली.

आपल्या दारातले उदाहरण तर अधिकच बोलके आहे. सीमाप्रश्नावर २२ डिसेंबर २०२२ रोजी कर्नाटकाच्या विधानसभेने एकमताने ठराव केला, आणि पाचच दिवसांनी, २७ डिसेंबरला, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ८६५ गावांविषयी नेमका उलट ठराव तितक्याच एकमताने केला. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ सालीच. एकमत हे सभागृहाच्या भावनेचे प्रमाण असते. निकाल त्याने लागत नाही. आदरांजलीच्या शब्दांनाही हेच लागू आहे. हुतात्म्याला वाहिलेली आदरांजली ही त्याच्या मागणीची पूर्तता समजू नये, आणि मागणी अपूर्ण आहे म्हणून आदरांजलीला पोकळही म्हणू नये.

३. दोन सभागृहांच्या मध्ये

आता सीमाभागाकडे वळू. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्याचे प्रतिनिधी मुंबईच्या विधानसभेत बसत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. त्याच जिल्ह्यातील चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला आणि बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेले. त्या दिवसापासून आपल्या सार्वजनिक जीवनाची कागदपत्रे दुभंगली. आजोबांच्या पिढीचा उल्लेख शोधायचा तर मुंबईस जावे लागते, आणि वडिलांच्या पिढीचा शोधायचा तर बंगळुरूस.

यातून एक विचित्र अवस्था निर्माण झाली. १९५७ च्या निवडणुकीत बेळगाव शहरातून निवडून आलेले बा. रं. सुंठणकर म्हैसूरच्या विधानसभेचे सदस्य झाले. पुढे त्यांनी एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचा इतिहास इंग्रजीत लिहिला. त्यांचे ग्रंथकार्य महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात मोडते, त्यांचे सदस्यत्व मात्र कर्नाटकाच्या यादीत. उलट प्रा. एन. डी. पाटील हे महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य व राज्याचे मंत्री राहिलेले, आणि सीमाप्रश्नाशी अखेरपर्यंत निगडित. त्यांचे निधन १७ जानेवारी २०२२ रोजी, सीमाभागाच्या हुतात्मा दिनीच झाले. माजी सदस्य या नात्याने मुंबईच्या सभागृहावर त्यांचा अधिकार होता. त्यांच्या खांद्याला खांदा लावून बेळगावच्या रस्त्यावर उभा राहिलेला साधा कार्यकर्ता मात्र मुंबईच्या सभागृहाचा कधीच सदस्य नव्हता, आणि बंगळुरूच्या सभागृहाला त्याचे कार्य गौरवावे असे वाटणे कठीण होते. तो दोन सभागृहांच्या मध्ये राहिला.

महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार बंगळुरूस होते तोपर्यंत निदान कोणीतरी उठून बोलण्याची शक्यता होती. २०१८ आणि २०२३ या दोन्ही निवडणुकांत समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही. अर्थात इतर पक्षांतून मराठीभाषक आमदार निवडून येत असतात, आणि गौरवाचा शब्द कोणत्याही पक्षाचा सदस्य उच्चारू शकतो. भाषेची अडचणही अनुल्लंघ्य नाही. राज्यघटनेच्या २१० व्या अनुच्छेदानुसार, ज्या सदस्याला सभागृहाच्या भाषांत आपले म्हणणे नीट मांडता येत नाही त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलण्याची अनुज्ञा देऊ शकतात. शिवाय २००६ पासून कर्नाटकाचे अधिवेशन बेळगावातही भरू लागले, आणि २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले. सभागृह आपल्या गावात येते. मग त्याच्या हाती आपण काय देतो, हा प्रश्न आपल्यालाच विचारला पाहिजे.

४. नावाचा प्रश्न

१७ जानेवारी १९५६ रोजी बेळगाव आणि निपाणी येथे गोळीबारात बळी गेलेल्यांची नावे आपण दरवर्षी घेतो: मारुती बेन्नाळकर, मधू बांदेकर, महादेव बारीगडी, लक्ष्मण गावडे आणि निपाणीच्या कमळाबाई मोहिते. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांच्या यादीतही ही नावे आहेत. पण एका यादीत मधू बांदेकर आहेत, तर दुसरीत मधुकर बापू बांदेकर. एकीत कमळाबाई, दुसरीत कमलाबाई. शेजाऱ्यापाजाऱ्यांना हा फरक जाणवतही नाही. पन्नास वर्षांनी कागद चाळणाऱ्याला मात्र ही दोन माणसे वाटू शकतात. तीच यादी कन्नड लिपीत जाऊन इंग्रजीतून पुन्हा मराठीत आली की काय होईल, याची कल्पना करावी. इंग्रजीत ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि आडनाव बदलते. गावांचेही तेच आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून आपल्या शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. जुन्या कागदांत ते बेळगाव आहे, इंग्रजी कागदांत बेलगाम. पुढच्या अभ्यासकासाठी ही तिन्ही नावे एकत्र नोंदवून ठेवणे हे कोणाचे तरी काम आहे.

सभागृहातील आदरांजल्या पुष्कळदा विशेषणांनी भरलेल्या असतात: निःस्पृह, झुंजार, लोकाभिमुख. त्याचे कारण वक्त्याचा आळस एवढेच नसते. त्याच्या हातात तपशील नसतो. जन्मसाल, शिक्षण, कोणत्या वर्षी कोणती संस्था, किती विद्यार्थी, कोणता लढा हे सचिवालयाला ज्या गावाने कळवायचे, त्या गावालाच ते ठाऊक नसते. तपशील नसला की विशेषण येते, आणि एकाचे विशेषण दुसऱ्याला सहज चालते.

५. ज्यांना सभागृह नाही

निपाणीच्या तंबाखू वखारींत आणि विडी धंद्यात राबणाऱ्या स्त्रियांचा विचार करा. प्रा. सुभाष जोशी यांच्या नेतृत्वाखाली त्या संघटित झाल्या. जोशी पुढे निपाणीचे आमदारही झाले. त्या स्त्रियांची वखारीतली धूळ, मजुरी, मुकादमाची वागणूक ही सारी हकिगत ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ च्या ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ या माहितीपटात त्यांच्याच तोंडून नोंदविली. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर बसले आणि ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात काहींनी प्राण गमावले. नेत्यांची चरित्रे लिहिली जातात. वखारीतील स्त्रीचे नाव टिकले ते कोणीतरी कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक घेऊन तिच्यापाशी गेले म्हणून.

संस्थांचे भाग्य याहून थोडे बरे असते, कारण त्या स्वतः कागद ठेवतात. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे. १९१६ साली सात शिक्षकांनी उभी केलेली के. एल. ई. संस्था आज देशभर ज्ञात आहे, आणि त्या सात जणांना लोक सप्तर्षी म्हणून ओळखतात. १९४६ साली याच शहरात, ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखालील साहित्य संमेलनात, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. ते विधिमंडळ नव्हते, तरी त्या ठरावाचे वजन इतिहासाने मान्य केले. नोंद नीट ठेवली तर गावातल्या मंडपात झालेला ठरावही राजधानीत ऐकू जातो, याचा हा पुरावा आहे.

६. शाळेने काय करावे

श्रोतेहो, आता माझी विनंती. शाळेच्या हजेरीपटात नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि गाव यांची जी नोंद असते ती गावातल्या कित्येक माणसांची एकमेव विश्वसनीय नोंद असते. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचे दायित्व १९५६ साली घटनेत आलेल्या ३५०-अ या अनुच्छेदाने राज्यावर टाकले आहे. त्या सोयीचा जिवंत पुरावा म्हणजेही हे हजेरीपटच.

माजी विद्यार्थी संघाने दरवर्षी आपल्या परिसरातील पाच जणांची माहिती लिहून काढावी. शिक्षक, पोस्टमन, सुईण, वखारीतील कामगार, ग्रामपंचायतीचा सेवक असे पाच जण. प्रत्येकाचे एक पान पुरे. नाव मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्यांत लिहावे, घरच्यांकडून तपासून घ्यावे, वर्षे आणि ठिकाणे द्यावीत, विशेषणे टाळावीत. ते पान शाळेच्या दप्तरात ठेवावे, एक प्रत वाचनालयास द्यावी, आणि आपल्या मतदारसंघाच्या आमदारास, तो कोणत्याही पक्षाचा असो, पाठवावी. सभागृहात त्याचा उल्लेख झाला तर कामकाजाची अधिकृत प्रत मागून घ्यावी व तिचे मराठी भाषांतर मूळ प्रतीसोबत जपावे. उल्लेख झाला नाही, तरी ते पान आपल्यापाशी राहीलच.

सीमेचा निकाल आपल्या हातात नाही. तो न्यायालयात आणि दिल्लीत आहे. पण १९५६ नंतर येथे कोण जगले, कोणी शिकविले, कोणी वाचनालय चालविले, कोणी गोळी झेलली, हे अचूक लिहून ठेवण्यास कोणत्याही सरकारची अनुज्ञा लागत नाही. उद्या कोणत्याही सभागृहाला या भागाविषयी आदराने बोलावेसे वाटले, तर त्याच्या हाती देण्यासाठी आपल्याकडे खरी नावे असली पाहिजेत.