पडद्यावरचे जुने डाव – भाग ६ : दोनच गोळ्या

ज्वारी दाण्यावर आली की आमच्या जालन्याच्या शिवारात कुणीतरी गोफण घेऊन माळ्यावर उभं असायचंच. वर पाखरांचा थवा घिरट्या घालतोय, त्यातली चार एकदम खाली झेपावतायत, आणि गोफणीत खडा एकच. तो सुटला की वाका, दुसरा उचला, भरा, फिरवा. तेवढ्यात पाखरं कणसावर बसलेली. चुकलेल्या खड्याचं काही वाटत नाही, खडे रानभर पडलेत. नडतो तो मधला रिकामा वेळ. ‘गॅलागा’ हा खेळ ज्याला कळून घ्यायचाय, त्याने आधी हे ध्यानात ठेवावं.

मागच्या रविवारी आपण १९७८ चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ पाहिला. त्यात पडद्यावर तुमची एका वेळी एकच गोळी असते. नामको कंपनीने १९७९ च्या ‘गॅलॅक्सियन’मध्ये ही अट तशीच ठेवली, आणि १९८१ साली त्याच कंपनीच्या शिगेरू योकोयामा यांनी ‘गॅलागा’त त्या एका गोळीची जोडी केली. (त्याच वर्षी १ मे रोजी जालना जिल्हा झाला. दोन्हींचा काही संबंध नाही, पण आमच्या पिढीला दोन्हींचं वय एकदमच मोजता येतं.)

आमच्यापर्यंत हा खेळ नव्वदच्या दशकात आला, तोही नाणं टाकायच्या यंत्रातून नव्हे, पिवळ्या कॅसेटमधून. बसस्टँडजवळच्या एका गाळ्यात चार टीव्ही, खाली सतरंजी, अर्ध्या तासाचे पैसे आधी द्यायचे. हातातल्या बटणांना सगळे ‘रिमोट’च म्हणायचे. कॅसेटवर हजारोंचा आकडा छापलेला, आत तेच पंधरा-वीस खेळ नावं बदलून. गॅलागा लावला की टीव्हीच्या उजव्या बाजूला काळी पट्टी यायची. आम्ही समजायचो, टीव्ही खराब आहे. खरं कारण बऱ्याच वर्षांनी कळलं. मूळ यंत्रातली काच कुशीवर फिरवून उभी बसवलेली असते, कारण शत्रू वरून खाली येतात आणि त्यांना उतरायला उंची लागते. आडव्या टीव्हीवर ते उभं मैदान डावीकडे दाबून बसवलं आणि उरलेल्या जागेत गुण छापले. टीव्हीचा काही दोष नव्हता.

आता गोळ्यांचं गणित. पडद्यावर दोन गोळ्या असताना बटण कितीही बडवा, तिसरी सुटत नाही. एखादी शत्रूला लागली किंवा वरच्या कडेबाहेर गेली, की मगच जागा रिकामी होते. म्हणजे नेम चुकला तर ती गोळी पडद्याच्या टोकापर्यंत जाईस्तोवर तुम्ही निम्मे निःशस्त्र. उलट शत्रू अगदी नाकासमोर आलेला असेल, तर गोळी लगेच लागते आणि लगेच दुसरी मिळते. जवळ जाणाऱ्याची बंदूक भराभर चालते, लांबून मारणाऱ्याची अडखळते. भित्र्याला शिक्षा व्हावी असा नियम कुठेच लिहिलेला नाही, पण दोन गोळ्यांच्या अटीतून तो आपोआप निघतो. मला या खेळातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच वाटते. आवाज, रंग, चांदण्या सगळं तिच्यानंतर.

दर फेरीत शत्रू ४० : खाली २० निळ्या-पिवळ्या माश्या, त्यांच्या वर १६ लाल फुलपाखरं, सगळ्यात वर ४ सरदार. रांगेत बसलेली माशी मारली तर ५० गुण, झेपावताना मारली तर १००. सरदाराला दोन गोळ्या लागतात. पहिली लागली की हिरव्याचा निळा होतो.

हा सरदार कधीकधी एकटाच खाली येतो, मध्येच थांबतो आणि निळा झोत सोडतो. त्यात सापडलात तर तुमचं विमान गरगरत वर ओढलं जातं, लाल होतं आणि त्याच्यासोबत रांगेत जाऊन बसतं. नवखा पोरगा इथे किंचाळायचा. मुरलेला खेळाडू मात्र मुद्दाम झोतात जायचा, राखीव विमान शिल्लक असेल तरच. सरदार कैद्याला घेऊन झेपावला, की नेमका सरदार टिपायचा. मग सुटलेलं विमान तरंगत खाली येतं आणि तुमच्या विमानाला चिकटतं. आता दोन विमानं, चार गोळ्या! पण अंगही दुप्पट रुंद झालेलं. मघाशी ज्या फटीतून सुटत होता, तिथे आता एक पंख मार खातो. आणि घाईत कैद्यालाच गोळी लागली, तर ते विमान कायमचं गेलं. आमच्या गाळ्यात अशा पोराला मागचे सगळे मिळून शिव्या घालायचे, जणू विमान त्यांच्या शेतातलं होतं.

तिसऱ्या फेरीत, आणि पुढे दर चार फेऱ्यांनी, एक निर्धास्त फेरी येते. ४० शत्रू नाचत जातात, एकही गोळी झाडत नाहीत. सगळे टिपले तर १०,००० गुण. त्यांच्या वाटा ठरलेल्या असतात, म्हणून इथे नेमापेक्षा पाठांतर कामी येतं.

जुन्या यंत्रात एक गफलतही राहून गेली. पहिल्याच फेरीत डावीकडच्या ठरावीक दोन माश्या सोडून बाकी सगळे मारायचे आणि त्या दोघींना साधारण पंधरा मिनिटं फिरू द्यायचं. शत्रूच्या गोळ्यांसाठी ठेवलेल्या जागा हळूहळू अडकून पडतात आणि मग पुढच्या फेऱ्यांत कुणीच गोळीबार करत नाही. अर्ध्या तासाचे पैसे भरून त्यातली पंधरा मिनिटं दोन माश्या बघत बसणारा पोरगा आमच्या गाळ्यात तरी मला दिसला नाही.

खेळ संपला की पडदा हिशेब मांडतो : गोळ्या किती झाडल्या, लागल्या किती, शेकडा प्रमाण काय. इंग्रजीतला तो हिशेब वाचायच्या आत दुकानदार पुढच्या पोरासाठी बटण दाबून मोकळा झालेला असायचा.

(पुढच्या रविवारी : ‘१९४२’. जपानी कंपनीने बनवलेला खेळ, आणि तुम्ही अमेरिकन विमानात.)