उकिरड्यातली ऊब
थंडीतल्या सकाळी उकिरडा उकरला की वाफ निघते. ती ऊब असते सूक्ष्मजीवांची. शेणात नत्र भरपूर, वाळल्या पाचोळ्यात कर्ब. साधारण 30 भाग कर्बाला 1 भाग नत्र मिळाला, की कमरेइतका ढीग काही दिवसांतच 55 अंश सेल्सिअसच्या वर तापतो. त्या तापात तणाचं बरंचसं बी आणि रोगजंतू मरतात. म्हणूनच वांगी-मिरचीच्या आळ्यात कच्चं शेण घालू नका. त्यातून हुमणीही येते. ढिगात भाजीची देठं, केळीची सालं, चहाचा चोथा खुशाल टाका, वर पाचोळा पसरा. मूठभर खत दाबल्यावर ओल लागावी, पाणी गळू नये. कुबट वास आला तर आत हवा पोचत नाही. फावड्याने खालवर करा. मुरलेल्या खताला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो. मला तो फार आवडतो.